इंग्लंडच्या पाणंदींवर ग्रॅव्हल सायकल : नकाशावर सपाट दिसतं ते सोपं असतंच असं नाही

निवांत_पायडल

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण इंग्लंडमध्ये तीन दिवस सायकल चालवायची आहे. मुक्काम लंडनला, म्हणजे सकाळी आगगाडीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रोज ४० ते ६० कि.मी. पुरे. घाट नकोत, दगडधोंड्यांतल्या उड्या नकोत. शेतं, झुडपांची कुंपणं, ओढे, एखादं जुनं खेडं, एवढंच हवं. सायकल ग्रॅव्हलची, म्हणजे कच्च्या वाटांसाठी रुंद टायरची : ७०० बाय ४० चे ट्यूबलेस टायर, पुढे एकच ४० दातांचं चक्र, मागे ११ ते ४२ दातांची.

रिजवे या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या लांब वाटेचं नाव सगळीकडे दिसतं. नवख्याला झेपेल का? टायरमध्ये हवा किती ठेवावी? आणि लोकांच्या शेतांतून जाताना कोणी हटकत नाही ना?

खडूमाती

रिजवे झेपेल की नाही हे तुमच्या पायांपेक्षा आदल्या तीन दिवसांच्या पावसावर ठरेल.

लंडनच्या आसपासच्या टेकड्या ३०० मीटरलाही पोचत नाहीत. त्यामुळे नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघून 'सौम्य' वाट निवडायला गेलात तर फसाल. तिथे सगळा खेळ मातीचा आहे.

खडूची जमीन (रिजवे, साउथ डाउन्स, चिल्टर्न्स) : पाऊस पडला की पाणी थेट खाली झिरपतं, म्हणून माथा लवकर सुकतो. सुकलेला खडू म्हणजे चांगला दाबून बसवलेला मुरूमच. पण ओला असताना वरचा पातळ थर साबणासारखा होतो आणि टायरची नक्षी दोन मिनिटांत बुजते. मग टायर नवा असो की गुळगुळीत, फरक पडत नाही. या खडूत गारगोट्या असतात. अख्खी गारगोटी निरुपद्रवी, पण फुटलेल्या गारगोटीची धार पात्यासारखी असते. आदिमानवाने तिची हत्यारं उगीच नाही केली.

चिकणमाती (सरे-ससेक्समधला वील्ड, लंडनच्या भोवतालचा पट्टा) : आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकाला कशी धरते ते आठवा. तेच. फ्रेम आणि टायर यांच्यातली ६ मिमीची फट भरायला २०० मीटर पुरतात. ऑक्टोबर ते एप्रिल या पट्ट्यात कच्च्या वाटेला जाऊच नये.

वाळू-गोट्यांची जमीन (न्यू फॉरेस्ट, नॉरफोकमधलं ब्रेकलँड) : पाऊस असो-नसो, जवळपास सारखीच. फक्त कोरड्या उन्हाळ्यात वाळू भुसभुशीत होते आणि पुढचं चाक रुततं.

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा भूगर्भ नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. वाट आखली की ती त्यावर ताडून पाहा. 'क्ले विथ फ्लिंट्स' असं लिहिलेल्या पट्ट्यापासून सावध राहा. चिखल आणि गारगोटी दोन्ही एकदम. चिल्टर्न्सच्या माथ्यावर हेच पसरलेलं आहे.

शंकासुर

शेतांतून जायचं काय एवढं? तिकडे कायद्याने कुठूनही जाता येतं ना, नीट वागलं की झालं?

निळाबाण

शंकासुर, ते स्कॉटलंड. तिथे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सगळीकडे जायचा हक्क दिलाय. इंग्लंडमध्ये वाट कोणत्या प्रकारची यावर सगळं अवलंबून आहे. याला आपल्याकडचा चपखल शब्द म्हणजे वहिवाट. जमीन खासगीच असते, पण तिच्यावरून जाण्याची वहिवाट सार्वजनिक असते आणि ती कौंटी कौन्सिलच्या अधिकृत नकाशात नोंदलेली असते.

फाटकाच्या खांबावर बाणाची छोटी गोल चकती असते. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त पायी. निळा म्हणजे ब्रायडलवे : पायी, घोडा आणि सायकल. जांभळा म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे, यावर घोडागाडीही चालते. लाल म्हणजे सर्व वाहनांना खुला बायवे. आपल्याला निळा, जांभळा आणि लाल चालतात.

ब्रायडलवेवर सायकल न्यायची मुभा १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिली. तिला दोन शेपट्या आहेत. एक, पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. दुसरी फार जणांना माहीत नसते : सायकलला सोयीची व्हावी म्हणून वाट सुधारण्याचं बंधन कोणावरही नाही. घोड्याला चालण्यासारखी असली की कायद्याचं काम झालं. म्हणून निळ्या बाणाचा अर्थ 'सायकल चालवता येते' असा घेऊ नका, 'सायकल न्यायला हरकत नाही' एवढाच घ्या.

फुटपाथवर सायकल चालवली तर सहसा तो फौजदारी गुन्हा होत नाही, जमीनमालकाच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याचा दिवाणी मामला होतो. कोणी हटकलं तर हुज्जत न घालता उतरावं.

आणि हा महिना सप्टेंबर आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. कापणी झालेली असते आणि नांगरट-पेरणी सुरू असते. शेताच्या मधून जाणारा ब्रायडलवे शेतकऱ्याला नांगरता येतो. पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत त्याने किमान २ मीटर रुंदीची वाट पुन्हा करून द्यायची असते. त्या १४ दिवसांत तुम्ही पोचलात तर समोर ढेकळांचं रान असतं आणि सायकल खांद्यावर. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायला मनाई आहे. आखताना दोन पर्याय असतील तर बांधाची वाट धरा.

निवांत_पायडल

नकाशावर हे कसं ओळखायचं? फोनमधलं ॲप सरळ 'सायकलसाठी योग्य' म्हणून वाट काढून देतं.

निळाबाण

ॲप चुकतात, आणि ठरलेल्या पद्धतीने चुकतात. त्यांचा आधार म्हणजे लोकांनी भरलेला खुला नकाशा आणि पूर्वी तिथून गेलेल्या सायकलींच्या नोंदी. पन्नास जण फुटपाथवरून बेकायदा गेले की ॲपला ती लोकप्रिय सायकलवाट वाटते.

ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० एक्सप्लोरर नकाशा घ्या, कागदी किंवा त्यांच्या ॲपमधला. हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, हिरव्या लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे. अधिकच्या चिन्हांची हिरवी ओळ म्हणजे सर्व वाहनांचा बायवे. १:५०,००० च्या लँडरेंजरमध्ये हेच हिरव्याऐवजी किरमिजी रंगात असतं, घोटाळा करू नका. ॲपमध्ये काढलेली वाटेची जीपीएक्स फाइल या नकाशावर टाकायची आणि जिथे जिथे ती आखूड रेषांवर बसते तिथे वळवायची. ५० कि.मी.ला अर्धा तास लागतो.

जमिनीवरची खूण : चढून ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, ज्यांना स्टाइल म्हणतात, त्या समोर आल्या की बहुधा तुमची वाट चुकली. घोडा पायऱ्या चढत नाही, त्यामुळे ब्रायडलवेवर फाटक असतं.

चाकोरी

धागाकर्त्याच्या अटींत चपखल बसणारी वाट म्हणजे डाउन्स लिंक. नॉर्थ डाउन्समधल्या सेंट मार्थाज हिलपासून दक्षिणेला समुद्राकाठच्या शोरमपर्यंत ५९ कि.मी. बरीचशी वाट जुन्या रेल्वेच्या भरावावरून जाते. हे मार्ग १९६५-६६ मध्ये बंद झाले, रूळ निघाले आणि त्यावर घोडे-सायकलींची वाट झाली. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच चढ, त्यामुळे ४०-४२ चा गियर वापरायची वेळ एकदाच येते.

लंडनहून गिल्डफर्डला उतरा. सेंट मार्थाजचा माथा गाठायच्या फंदात पडू नका. तिथली वाळू सैल आहे आणि सुरुवातीलाच दम जातो. राष्ट्रीय सायकल मार्ग २२३ च्या पाट्यांनी शॅल्फर्डकडून ब्रॅम्लीला या आणि तिथे भरावावर चढा. ब्रॅम्लीच्या जुन्या स्टेशनचा फलाट अजून आहे. पुढे क्रॅनली. खाणं-पाणी इथे घ्या.

क्रॅनलीनंतर बेनार्ड्स. इथला बोगदा बंद आहे आणि वाट टेकडीवरून जाते. चढ छोटा पण तीव्र, झाडीतला, पानगळीत निसरडा. ज्याचा वर उल्लेख केला तो हाच. उतारावर मुळं आहेत, पुढचा ब्रेक हळू धरा.

रजविकनंतर आरन नदीवरचा दुमजली पूल थांबून बघण्यासारखा. खाली विटांची कमान, तिच्या डोक्यावर लोखंडी तुळयांचा दुसरा पूल. आधी कमान बांधली, मग रेल्वेच्या निरीक्षकाने स्टेशनाजवळचा चढ जास्त तीव्र ठरवला आणि भराव उंच करायला लावला. भराव वर गेला, कमान तिथेच राहिली. वरून जाताना काही कळत नाही, कडेच्या सज्जात उतरावं लागतं.

क्राइस्ट्स हॉस्पिटलजवळ (ही शाळा आहे, रुग्णालय नव्हे) वाट रेल्वे सोडून गल्ल्या-शेतांतून वळसा घेते. पाट्या बघत राहा, बहुतेकांची चुकामूक इथेच होते. साउथवॉटर (दुकानं, नळ), वेस्ट ग्रिनस्टेड (जुना डबा आणि सिग्नल ठेवलाय), पार्ट्रिज ग्रीन, हेनफील्ड, ब्रॅम्बर. शेवटचा टप्पा एडर नदीच्या काठाने शोरमला. नदीवरचा लाकडी टोलपूल आता मोटारींना बंद आहे.

गिल्डफर्ड स्टेशन ते शोरम स्टेशन साधारण ६० कि.मी. धरा. ताशी १३-१४ च्या वेगाने, फाटकं आणि चहा धरून सहा तास.

उलटा_वारा

चाकोरी, वर्णन अचूक, पण दिशा उलटी. इंग्लंडमध्ये बहुतेक दिवस वारा नैऋत्येकडून असतो. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात तर झाडीतले पहिले ४० कि.मी. काही जाणवत नाही, आणि ब्रॅम्बरच्या पुढे एडरचं खोरं उघडं पडतं तिथे थकलेल्या पायांना तोंडावर वारा. शोरमहून निघा. उघडा भाग सकाळी ताज्या पायांनी, वाऱ्याला जवळपास पाठ देऊन होतो, आणि शेवटी गिल्डफर्ड, जिथून लंडनला भराभर गाड्या आहेत.

आगगाडीबद्दल : दक्षिणेकडच्या बऱ्याच कंपन्या कामाच्या दिवशी सकाळी लंडनकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी ४ ते ७ लंडनहून सुटणाऱ्या गर्दीच्या गाड्यांत घडी न होणारी सायकल घेत नाहीत. सकाळी लंडनहून बाहेर आणि संध्याकाळी लंडनकडे, म्हणजे गर्दीच्या उलट जाणाऱ्याला तशी अडचण कमी. तरी त्या-त्या कंपनीचा नियम आधी वाचा.

चाकोरी

मान्य. शोरमहून. फक्त रजविकचा पूल आणि बेनार्ड्सची टेकडी मग शेवटच्या तिसऱ्या भागात येतात, पाय राखून ठेवा.

ट्यूबलेस_तात्या

हवेचं बोलू. चालवणारा ७५ किलो, टायर ४०, सामान हलकं असं धरून :

कोरडा खडू किंवा न्यू फॉरेस्ट : पुढे ३०, मागे ३३ पीएसआय.
ओला खडू : दोन्हीकडे २-३ कमी.
डाउन्स लिंकसारखी दाबलेली वाट : ३-४ जास्त.

दर ५ किलोला १ पीएसआय वर-खाली. आत ट्यूब घातली असेल तर वरच्या आकड्यांत ५ ते ८ मिळवा, नाहीतर गारगोटीवर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पंपावरचा काटा दोन-तीन पीएसआय खोटं बोलतो, म्हणून हवा मोजायचं छोटं वेगळं यंत्र ठेवा आणि नेहमी तेच वापरा.

सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, ४० च्या टायरला ६० मिली. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं. सायकल भारतातून नेणार असाल तर निघण्याआधी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघा. काडी ओली आली नाही तर नवं भरा. चाक हलवून आवाज ऐकण्यावर विसंबू नका. वाळलेल्या सीलंटचा गोळासुद्धा आत गडगडतो.

आता सप्टेंबरचं खरं दुखणं. १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीमुळे शेताची कुंपणं छाटायला बंदी असते. १ सप्टेंबरला ती उठते आणि ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने छाटणी सुरू होते. हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नचे काटे अख्ख्या पाणंदीवर सांडतात. ट्यूब असेल तर एका कि.मी.त चार पंक्चर सहज. ट्यूबलेसला काटा फार काही करत नाही, पण तो टायरमध्येच राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी येईल.

गारगोटीने टायर कापला तर :

जमिनीला टेकणाऱ्या बाजूला ३ मिमीपर्यंत भोक असेल तर चाक फिरवून भोक खाली आणा, सीलंट तिथे जमू द्या, मिनिटभर थांबा. फेस थांबला की हवा भरा. ३ ते ६ मिमी असेल तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची चिकट पट्टी. सुईने भोक जरा मोकळं करा, प्लगची पट्टी दोन तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात ओढा. बाहेरचं शेपूट लगेच मुळाशी कापू नका, हवा भरल्यावर अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.

बाजूच्या भिंतीला १ सेंटिमीटरचा काप गेला तर प्लग टिकत नाही, कारण चाक फिरताना ती भिंत सतत वाकत असते. तिथे ट्यूबच. चाक काढा, टायरची एक कड उतरवा, व्हॉल्व्हची चकती फिरवून व्हॉल्व्ह काढा. यानंतरची पायरी नव्वद टक्के लोक विसरतात : टायरच्या आतून बोट फिरवा. बोट नको, हातमोजा किंवा रुमाल. महिनाभरात सीलंटने मुकाट दाबून ठेवलेले सगळे काटे आत टोकं काढून बसलेले असतात. ते काढले नाहीत तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते, आणि मग ट्यूबच खराब निघाली म्हणून दुकानदाराला शिव्या.

काटे काढले की कापावर आतून अस्तर. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा ४ बाय ६ सेंटिमीटरचा तुकडा उत्तम. कोपरे गोल कापा, नाहीतर तेच ट्यूबला टोचतात. मग ट्यूब, थोडी हवा, कड बसवा, बाहेरून काप फुगतोय का बघत सावकाश भरा. २५ पीएसआयला फुगवटा दिसला तर अस्तर सरकलंय, पुन्हा उघडा.

सोबत : एक ट्यूब (७०० बाय ३५-४५), पाच-सहा प्लग, अस्तर, हातपंप, चेनची जोडकडी तुमच्या गियरच्या संख्येला जुळणारी आणि मागच्या गियरचा हँगर (गियर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). गॅसच्या नळकांड्या विमानात न्यायची उठाठेव करू नका.

शंकासुर

हँगर कशाला? पडल्याशिवाय तो वाकत नाही.

खडूमाती

वील्डच्या चिखलात न पडता तुटतो. चिकणमाती आणि गवत मिळून दोरी वळली जाते, ती चेनबरोबर मागच्या गियरच्या पिंजऱ्यात जाते, पिंजरा अडकतो आणि तुम्ही पायडल मारतच असता. हँगर मुद्दाम नाजूक केलेला असतो, आधी तो जातो. पायडल एकदम जड लागलं की जोर लावू नका. उतरून काडीने पिंजरा साफ करा. विमानप्रवासातही हँगर हमखास वाकतो. मागचा गियर सोडवून, गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा.

भाड्याची सायकल घेतलीत तर एक दिलासा : ब्रिटनमध्येही आपल्यासारखाच उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो.

ओकाखाली

दुसऱ्या दिवसासाठी न्यू फॉरेस्ट. पाऊस लागला तरी चालणारी ही जागा आहे. लंडनच्या वॉटरलू स्टेशनहून ब्रॉकनहर्स्टला उतरलं की स्टेशनपासूनच वाटा सुरू. जंगलात १०० मैलांहून जास्त खडीच्या वाटा सायकलींसाठी ठरवून दिल्या आहेत आणि प्रत्येक फाट्यावर आकडा लिहिलेला खांब आहे. नकाशावर तोच आकडा. इथे मात्र निळ्या बाणाचं गणित विसरा. ठरवलेल्या वाटा सोडून सायकल न्यायला परवानगी नाही, रान कितीही मोकळं दिसलं तरी.

ब्रॉकनहर्स्ट, राइनफील्ड, बोल्डरवुड, बर्ली आणि परत जुन्या रेल्वेच्या भरावावरून ब्रॉकनहर्स्ट असं चाळीसेक कि.मी.चं वर्तुळ होतं. राइनफील्ड आणि बोल्डरवुडच्या मध्ये ए३५ हा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. गाड्या सुसाट असतात, उतरून ओलांडा.

घोडे मोकळे असतात, पण रानटी नाहीत. कॉमनर म्हणजे तिथे पिढीजात चराईचा हक्क असलेल्या लोकांचे ते घोडे. खायला घालायला आणि हात लावायला बंदी आहे, दंड होतो. तुमच्या तारखांना वाटेत डुकरंही दिसतील. ओकची हिरवी फळं घोड्यांना विषारी असतात, म्हणून शरद ऋतूत निदान ६० दिवस डुकरं सोडून ती खाऊन घेतली जातात. याला पॅनेज म्हणतात. पिलांसोबतची डुकरीण दिसली तर लांबून. आणि वळणावर ओकची फळं पसरलेली असली की टायरखाली गोट्या खेळल्यासारखं होतं, तिरकं होऊ नका.

निळाबाण

जनावरांचा विषय निघालाच आहे तर घोडेस्वारांबद्दल. मागून गुपचूप जाऊ नका आणि अगदी जवळ जाऊन घंटीही वाजवू नका. पंधरा-वीस मीटरवरून मोठ्याने 'हॅलो' म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला कळतं की हे वेगाने येणारं भक्षक नव्हे. स्वार खूण करेपर्यंत थांबा, मग उजवीकडून लांबून, चालण्याच्या वेगाने. डावीकडून जाऊ नका असं हायवे कोड, म्हणजे तिथली वाहतुकीची नियमावली सांगते.

गाईंच्या कुरणात वासरं असतील तर उतरा, सायकल स्वतःच्या आणि गाईच्या मध्ये ठेवा आणि वळसा घालून चाला. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही नाही. फाटक जसं सापडलं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडंच. कधीकधी कळपाला पाण्यापर्यंत जायला ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. जमिनीतल्या लोखंडी दांड्यांची जाळी लागली की हँडल सरळ, ब्रेक नाही, काटकोनात पार.

डर्बीची_ताई

लंडनहून एका दिवसात जड आहे, पण चौथा दिवस मिळाला तर पीक डिस्ट्रिक्टच्या दक्षिण भागाचा विचार करा. टिसिंग्टन ट्रेल (२१ कि.मी.), हाय पीक ट्रेल (२७ कि.मी.) आणि मोन्सल ट्रेल (१४ कि.मी.). तिन्ही जुन्या रेल्वे, चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली, बाराही महिने चालणारी. पहिल्या दोन 'पार्सली हे' नावाच्या ठिकाणी एकमेकींना मिळतात. तिथे आणि ॲशबोर्नला सायकली भाड्याने मिळतात. एक्सप्लोरर नकाशाचा क्रमांक ओएल२४.

एक सापळा सांगते. हाय पीक ट्रेल 'रेल्वेची वाट आहे म्हणजे सपाट' असं समजून लोक क्रॉमफर्डच्या टोकाने सुरू करतात. ती १८३० च्या सुमाराची रेल्वे. तेव्हा इंजिनं चढत नव्हती, म्हणून डबे माथ्यावर एका जागी बसवलेल्या वाफयंत्राने दोराने ओढत. मिडल्टनचा उतार सव्वाआठास एक, म्हणजे १२ टक्के. ४०-४२ गियरवर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात कि.मी. वेग येतो. १२ टक्क्यांवर एवढा वेग टिकवणं नवख्याचं काम नाही, फेऱ्या ४० वर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. पुढचं चक्र ३६ किंवा ३८ चं करून घ्या, किंवा मिडल्टन टॉपवरूनच सुरू करा. उलट दिशेने उतरताना डिस्क ब्रेक तापतात. सतत घासत न ठेवता जोरात दाबून सोडा, पुन्हा दाबा.

निवांत_पायडल

पहिला दिवस शोरम ते गिल्डफर्ड, दुसरा न्यू फॉरेस्ट. तिसऱ्या दिवशी कोरडं असेल तर रिजवेचा तुकडा करता येईल का? पूर्ण नको.

खडूमाती

येईल. रिजवे एकूण १३९ कि.मी., ओव्हर्टन हिल ते आयव्हिंगो बीकन. त्यातला पश्चिमेकडचा सुमारे ६९ कि.मी.चा भाग, स्ट्रीटलीपर्यंत, सायकलींना पूर्ण खुला आहे. थेम्स ओलांडली की मध्ये मध्ये फुटपाथ लागतात, तिकडे जाऊ नका.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून स्विंडन (या लांबच्या गाड्यांत सायकलची जागा आधी राखावी लागते), तिथून वॉनबरोवरून फॉक्सहिल, दहाएक कि.मी. रस्ता. फॉक्सहिलला कच्ची वाट सुरू होते, तिथून स्ट्रीटली चाळीसेक कि.मी. परतीला गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन. दिशा पश्चिमेकडून पूर्वेला, वारा पाठीशी. वाटेला लागूनच वेलँड्स स्मिदी हे नवाश्मयुगीन दफनस्थळ आहे, पुढे उफिंग्टनचा पांढरा घोडा. घोडा ११० मीटर लांब, पण माथ्यावरून तो धड दिसत नाही. वेळ घालवू नका.

माथ्यावर पाणी जवळजवळ नाही. खडू पाणी धरत नाही. ते खाली झिरपून पायथ्याला झऱ्यांनी बाहेर पडतं, म्हणून बिशपस्टोन, ॲशबरी, वूलस्टोन अशी सगळी गावं पायथ्याच्या एका रेषेत आहेत. बाटली भरायला १०० मीटर उतरून पुन्हा चढणं आलं. माणशी २ लिटर फॉक्सहिलच्या आधीच भरा.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हा रिजवेचा मुख्य धोका. एकदा चाकोरीत शिरलात की मध्येच हँडल वळवून बाहेर यायचा प्रयत्न करू नका. पुढचं चाक कडेला घासतं, वर चढत नाही, आणि तुम्ही आडवे. चाकोरी संपेपर्यंत आत राहा किंवा थांबून उचला. नजर दहा मीटर पुढे, चाकाकडे नाही. मधल्या गवताच्या पट्ट्यावरून जाणं बरं वाटतं, पण गवतात गारगोट्या लपलेल्या असतात.

आदल्या ७२ तासांत चांगला पाऊस झाला असेल तर हा बेत सोडून बाथहून डिव्हायझेसपर्यंत केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ धरा. ३५ कि.मी., घट्ट वाट, दोन ठिकाणी कालवा दगडी पुलावरून नदी ओलांडतो, शेवटी केन हिलची जलपायरी, म्हणजे नावा वर-खाली नेणारे २९ लॉक. काठ अरुंद आहे आणि पादचारी पहिले. पुलाखालच्या आंधळ्या वळणांवर घंटी वाजवून चालण्याच्या वेगाने. परतीसाठी मात्र डिव्हायझेसला रेल्वे नाही. १६-१७ कि.मी. मागे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला यावं लागेल.

उलटा_वारा

एक राहिलं. सप्टेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि झाडीतल्या भरावावर त्याच्या आधीच अर्धा तास काळोख. पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्याने लागतो. डाउन्स लिंकसाठी शोरमहून दहाच्या आत निघा. फार उशिरा निघालात तर बेनार्ड्सची मुळं दिव्याच्या उजेडात उतरावी लागतील.

निवांत_पायडल

बेनार्ड्सला त्या दिशेने चढ कुठल्या बाजूला जास्त?

चाकोरी

दोन्हीकडे सारखाच छोटा आणि तीव्र. पायथ्यालाच ४२ वर टाका, चढावर गियर बदलताना चेन कुरकुरते. मुळांवर मागचं चाक घसरलं तर उतरून ढकला, वरपर्यंत फार अंतर नाही.